ज्यांच्याकडून शिकायला आलो, तेच दिवाळीनंतर भट्टीवर चालले

खाडीकाठची | २ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, सहा वर्षांचा मुलगा. दीड वर्षापूर्वी ठाण्याचा फ्लॅट भाड्याने दिला आणि रायगडच्या दक्षिणेला, एका खाडीच्या आतल्या अंगाला राहायला आलो. सासूबाईंच्या माहेरचं घर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याची निम्मी कौलं उडाली, तेव्हापासून बंदच होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे शेजाऱ्यांबद्दल लिहायचंय.

मुलांनी इथल्या मूळच्या माणसांकडून काही शिकावं, एवढीच कल्पना होती. घरामागच्या टेपाडावर कातकऱ्यांची वाडी आहे, तेरा घरं. डोक्यात काय चित्र होतं ते सांगायला आता लाज वाटते: सकाळी रान, रात्री शेकोटी आणि गोष्टी. प्रत्यक्षात पहिले तीन महिने वाडीवरचं कुणी आमच्याशी धड बोललं नाही. आमच्यासारखी माणसं वाडीवर चढतात ती एकतर जमीन मोजायला, नाहीतर फोटो काढायला, हे नंतर कळलं.

ओळख झाली ती माझ्या फजितीमुळे. जूनच्या सुरुवातीला घरामागे शेवळं, म्हणजे पावसाळी रानभाजी, उगवली. ठाण्यात स्टेशनबाहेर विकायला बसतात त्यांच्याकडे बघितलेली, म्हणून ओळखली. हौसेने साफ केली, कांदा-खोबरं घालून परतली. दुसऱ्या घासाला चौघांचेही घसे आतून खरवडून निघाले. मुलगा भोकाड पसरून रडायला लागला. ते ऐकून वाडीवरची एक आजी आली, कढईत डोकावली आणि आधी पोट धरून हसली. मग चिंच-गूळ चाटवला. "काकडं कुठायत?" काकड म्हणजे रानातलं हिरवं आंबट फळ, आपली काकडी नव्हे. शेवळांच्याच दिवसांत ते धरतं. ते नसेल तर बोंडाऱ्याचा पाला. शेवळाची खाज मारायला दोन्हींपैकी एक हवंच.

त्या दिवसापासून लेक आजीच्या मागे असते. ओहोटीला दोघी निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला खाडीत उतरतात. भरतीचा हिशेब तिला कोळीवाड्यातल्या काकांनी शिकवला: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. आजीला हे गणित लागत नाही. ती चंद्राकडे बघते आणि म्हणते, आज भांग आहे, पाणी फार उतरायचं नाही, चल घरी. (भांग म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तो दिवस.) लेकीने वही घातली. एका बाजूला पाऊणपटीने आलेली वेळ, दुसऱ्या बाजूला आमच्या बांधावर प्रत्यक्ष दिसलेली. दोन महिन्यांत तिच्या लक्षात आलं की आत आमच्यापर्यंत पाणी उशिरा पोचतं. आता तिने आमच्या बांधापुरता वेगळा आकडा काढलाय आणि काका तिला तो विचारतात.

असं बरंच आहे, पण मुद्द्यावर येते. आजीला मी दोनदा पैसे द्यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा संध्याकाळी तेवढ्या किमतीचे मासे आमच्या ओट्यावर. शेवटी सरळ विचारलं, लेकीला शिकवता त्याचं काय देऊ? म्हणाली, "नातवाचा दाखला काढून दे." जातीचा दाखला. वाडीवर अर्ध्या पोरांकडे नाही.

आणि आज सांगायला आली की तुळशीचं लग्न लागलं की सगळी वाडी वीटभट्टीवर. मुकादमाने पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देऊन ठेवलीय. शिमग्याला चार दिवस येतील, मग थेट मे अखेर. तेरापैकी अकरा घरांना कुलूप. नातू, तोही लेकीएवढाच, सोबत जाणार. त्यांच्या घरची उचल किती विचारलं. आमच्या ठाण्याच्या फ्लॅटचं दोन महिन्यांचं भाडं.

नवरा म्हणतो भरून टाकू, आजी आणि नातू तरी राहतील. मला ते बरोबर वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही. तुम्ही काय केलं असतं?

बोरिवली_फास्ट | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

फ्लॅटचं भाडं येतंय, घरात लॅपटॉप असणारच, आणि याला शहर सोडणं म्हणायचं? मग आम्हीही दर शनिवार-रविवार अलिबागला शहर सोडतो. (दिवा घ्या, गंमत करतोय.)

खाडीकाठची | २ नोव्हेंबर, रात्री १०:५८

घेतला. नवरा आठवड्याचे तीन दिवस रेंजसाठी सड्यावर जाऊन काम करतो. सगळं सोडून गेले असं नातेवाईक म्हणतात, आम्ही नाही.

रानवाट | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मस्त लिहिलंय. शेवळं सुरणाच्या जातकुळीतली, खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. आंबटाने ती आटोक्यात येते, म्हणून काकड.

एक खडा मात्र टाकतो. आदिवासी करतात ते सगळं निसर्गाला धरूनच, असं इथे कुणीतरी लिहिणारच, त्याआधी सांगतो. पहिल्या पावसाला वलगणीचे मासे शेतात चढतात ते अंडी घालायला, आणि ते तेव्हाच मारतात. रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकली की लहानमोठं सगळं वर येतं. चार घरं चार टोपल्या मासे न्यायची तोवर निभावलं. आता शहरातून जाळी घेऊन गाड्या येतात, कुणी पाण्यात करंट सोडतं. दोष वाडीवर टाकत नाही, पण "प्राचीन ज्ञान" म्हणून डोळे मिटून आरती करू नका.

खाडीकाठची | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

वलगणीबद्दल आजीनेही हेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. पूर्वी सासरे पहिल्या रात्रीचे मासे जाऊ देत, म्हणाली. आता आपण जाऊ दिले तर खालचे धरतात, मग आपण का सोडा?

मास्तरीण | ३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यातली अकरा अशाच पट्ट्यात. तुमची लेक शाळेच्या पटावर आहे ना? नसेल तर आधी नाव घाला. भरतीच्या वहीचं कौतुक आहेच. माझ्या हातात असतं तर त्या वहीवर गणिताचे आणि भूगोलाचे पूर्ण गुण दिले असते. पण तुम्ही उद्या ठाण्याला परत जाऊ शकता, हे तिलाही माहीत आहे. म्हणूनच तिचं चिखलात शिकणं गमतीचं होतं.

नातवाचं बघा. पालक हंगामी स्थलांतर करतात त्यांच्या मुलांसाठी शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय असते. मूल गावात नातेवाइकाकडे राहतं आणि जेवणखाण योजनेतून होतं. मागणी वेळेत जावी लागते, मुख्याध्यापकांना आजच भेटा. आणि भट्टीवर गेलाच, तर तिथल्या जवळच्या शाळेला त्याला घ्यावंच लागतं, वयानुरूप वर्गात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा तेच सांगतो. फक्त तिथल्या मास्तरला सांगणारं कुणीतरी लागतं. भट्टीवरचं पोर आपणहून शाळेच्या फाटकात येत नाही हो.

गजालीवाला | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

काय सांगतलास! माझो गाव कुडाळाच्या बाजूक. आमच्याकडे पिंगुळीचे ठाकर. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुले. परशुराम गंगावण्यांका २०२१ साली पद्मश्री गावली, तेव्हापासून लोक येतत, फोटो काढतत, चाय पितत, जातत. शिकूक म्हणान कोण रवणा नाय. तुमी दीड वरीस रवलात ह्याच खूप. चेडवाक घेवन येवा कधी.

सातबारा | ३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

धागा वाचून कुणाला जमीन घ्यायचा झटका येण्याआधी: महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावं लागतं, आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. "वाडीवरच्या अमक्याच्या नावावर घेऊ आणि आपण वापरू" असं सुचवणारे दलाल भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा.

खाडीकाठची, तुमच्या वाडीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे ते कधी बघितलंय? कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत.

वाडीवरचा | ३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

मी कातकरी. पनवेलला नोकरी करतो. वयाच्या चौथ्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत प्रत्येक हिवाळा भट्टीवर काढला. इथे सहसा लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

ताई, उचल भरू नका.

का ते सांगतो. तुम्ही भरलीत की आजीच्या हिशेबात शेठ बदलला, बाकी काही नाही. उद्या तुम्ही साधं म्हणालात, आजी, जरा अंगण सारवता का, तर तिला नाही म्हणता येणार नाही. आज ती तुमच्या कढईवर हसू शकते. ते जाईल. आणि मुकादम पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दारात उभा राहीलच, कारण श्रावणात घरात दाणा नसतो. उचलीपायी माणूस बांधून ठेवायला १९७६ पासून कायद्याने बंदी आहे, पण श्रावण काही कायद्याने टळत नाही.

दुसरं, ते कडूकांद्याचं, म्हणजे रानातल्या कडू कंदाचं. धाग्यात कुणी लिहिलं नाही, पण कुणीतरी विचारणारच, शहरातल्यांना त्याचं फार. आई करायची. चकत्या काढायच्या, राख घालून उकळायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. तरी जरा कडू लागतो. नीट नाही केला तर उलट्या. आईला हे कुणी बसवून शिकवलं नाही आणि तिने मला हौसेने शिकवलं नाही. घरात तांदूळ असला की आम्ही कडूकांद्याकडे बघायचोसुद्धा नाही. मागे एका शिबिरात आमच्यातल्या बायकांना बोलावून तो शिजवून घेतला, ताटाभोवती फुलं मांडली, आणि पाहुण्यांनी वाहवा केली. माझी आई ते बघून गप्प झाली. तिला काय वाटलं असेल ते मी अजून विचारलेलं नाही.

आमची पूर्वजं खैराच्या लाकडाचा कात काढायची, नाव त्यावरून पडलं. जंगल सरकारी झालं, खैर तोडणं गुन्हा झाला, कात गेला, नाव राहिलं. महाराष्ट्रात तीन जमाती सरकारदरबारी विशेष असुरक्षित गटात आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि आम्ही. त्यासाठीच्या योजना आहेत, २०२३ पासून पीएम जनमन आहे, त्यात घरं आहेत. पण दारावर कुठलीही योजना आली की पहिला प्रश्न एकच: दाखला आहे का?

आजीने तुम्हाला फी सांगितलीय. तेवढी द्या.

खाडीकाठची | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

रात्री वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. उचल भरत नाही.

दादा, कडूकांद्याबद्दल मी आजीला विचारलं होतं, धाग्यात लिहिलं नव्हतं. ती म्हणाली होती, "तांदूळ हाय ना घरात? मग कशाला?" मला तेव्हा वाटलं, ती सांगायचं टाळतेय.

बोरिवली_फास्ट | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:३३

वाडीवरचा +१. माझा प्रतिसाद मागे घेतो. अलिबागचा भाग ठेवतो.

सातबारा | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

दाखल्याचं सांगतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. शाळा सोडल्याचा दाखला चालतो, पण वाडीवर त्या काळात शाळेत कोण गेलंय? मग कोतवाल बुक. गाव नमुना १४, जन्ममृत्यूच्या नोंदी. आजीच्या नवऱ्याच्या वडिलांचं नाव आणि गाव विचारा आणि नक्कल मागा. नोंद "काथोडी" म्हणून असली तरी घाबरू नका, यादीत काथोडी आणि कातकरी एकाच ओळीत आहेत. बरोबर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. आणि काहीच सापडलं नाही तर गृहचौकशी मागा, लेखी.

डॉ_ओसरी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशिरा आलो. वैद्यकी शिकताय का आजीकडून? असाल तर एक विनंती, विंचू आणि साप त्यातून वगळा.

खाडीकाठची | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

त्याचा किस्साच आहे. मागच्या मे महिन्यात कौलं काढताना नवऱ्याला तांबडा विंचू चावला. अंगाला दरदरून घाम, हात गार. मी धावत वाडीवर गेले, तिथे एक म्हातारे बाबा विंचू उतरवतात असं ऐकलं होतं. बाबांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माझ्यावरच खेकसले: "माझ्याकडं कशाला? रिक्षा बघ!" स्वतः रिक्षात बसून दवाखान्यापर्यंत आले. मंत्र वाटेत म्हटला.

डॉ_ओसरी | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना अनुभवाने कळलंय. पूर्वी या पट्ट्यात तांबड्या विंचवाने धडधाकट माणसं जायची, फुप्फुसात पाणी भरून. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसले आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर चालतं हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. हेही कोकणच्या मातीतलंच ज्ञान. तुमच्या लेकीच्या वहीत त्यालाही एक पान द्या. सापाचं तर विचारूच नका: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर प्रतिविष एकच, आणि ते फक्त दवाखान्यात.

खाडीकाठची | १९ जानेवारी, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय, मदत हवी आहे.

वाडी नोव्हेंबरात गेली. मास्तरीणबाई, वसतिगृहाची मुदत गेलेली निघाली. पण भट्टीजवळच्या शाळेत नवरा जाऊन आला आणि नातवाचं नाव घातलं. तिथल्या बाई चांगल्या आहेत. रोज जातो असं म्हणवत नाही, पण जातो.

दाखल्याची मात्र सातवी फेरी झाली. कुठल्या कचेरीत ते सोडा. प्रत्येक वेळी नवा कागद. आम्ही दोघं इंजिनिअर, आणि अर्जातल्या एका रकान्याचा अर्थ आम्हाला दोन फेऱ्या लागेना. ठाण्यात जे करायचा कंटाळा येऊन आलो, फॉर्म, झेरॉक्स, पासवर्ड, रांगा, तेच इथे दोन महिने करतेय. आणि आजीला आमच्याकडून हवं होतं ते नेमकं एवढंच.

कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. पण नोंद मोडीत आहे. इथे कुणाला येतं?

बोरूबहाद्दर | १९ जानेवारी, सायंकाळी ५:०१

फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सरळ वरून घ्या, सावली नको.

बोरूबहाद्दर | १९ जानेवारी, रात्री ११:३७

वाचलं. कोतवालाचं अक्षर म्हणजे मुंग्यांनी संप केल्यासारखं. साल आणि नावं व्यनिमध्ये देतो, इथे नको. जातीच्या रकान्यात स्पष्ट "काथोडी" आहे. पण माझं वाचन कचेरीत चालणार नाही, अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या.

सातबारा | २० जानेवारी, सकाळी ९:१०

नोंद सापडली म्हणजे बाजी मारलीत. त्याच पूर्वजाच्या नोंदीवर वाडीवरच्या आणखी किती घरांची वंशावळ जोडली जाते ते बघा. सगळी भाऊबंदच असणार.

खाडीकाठची | २० जानेवारी, सकाळी ९:२५

तेरातली सात. लेक वंशावळीचं झाड काढतेय. आजीला भट्टीवर फोन करून नावं विचारते. मुकादमाच्या फोनवर करावा लागतो, त्यामुळे तोही आता आमच्या ओळखीचा झालाय. माणूस वाईट वाटत नाही, हीच अडचण आहे.

वाडीवरचा | २० जानेवारी, रात्री १०:४४

झाडात बायांची माहेरंही लिहायला सांगा. तिकडूनही नोंदी निघतात. आणि माझ्या आईला मी विचारलं, शिबिराचं. म्हणाली, मीठ कमी होतं.

खाडीकाठची | ३ जून, रात्री ८:५०

वाडी मेच्या २७ ला परत आली. पाच दाखले हातात आहेत, दोन अडकलेत. नातवाचा पहिल्या पाचांत. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोठ्या थाटात द्यायला गेले. आजीने उलटा-सुलटा करून बघितला, कुडाच्या वर वाशाला अडकवला आणि म्हणाली, "बरं झालं. शेवळं बघितलीस काय?"

नव्हती बघितली. दाखल्यांच्या नादात घरामागे फिरकलेच नव्हते. दोघी गेलो. पाच-सहा दिवसांची होऊन गेलेली बरीच होती, पण दोन जुड्या निघाल्या. काकडं तिने येतानाच कमरेला बांधून आणली होती.

रानवाट | ३ जून, रात्री ९:१२

किती काकडं घातली? दर वेळी आंबट तरी होतं, नाहीतर खाजतं तरी.

खाडीकाठची | ३ जून, रात्री ९:३०

दोन जुड्यांना दहा-बाराएक. ठेचून, कोळून, फक्त पाणी घ्यायचं. शेवळाच्या आतल्या दांड्यावरचा पिवळा-तपकिरी भाग आधी काढून टाकायचा, मी मागच्या वर्षी तोच ठेवला होता. सोडे घातले. आजी म्हणाली सोडे महाग, करंदीचं सुकट घाल.

बोरिवली_फास्ट | ४ जून, सकाळी ७:४८

बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला आज शेवळं आलीत. बाईंनी सोबत काकडं पुडीत बांधून दिली, न मागता. कोळून पाणी फक्त, चोथा नाही, बरोबर?

खाडीकाठची | ४ जून, सकाळी ७:५५

चोथा नाही.